अर्धा तास पुढे

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सहा वर्षांत एकदाही खरी वेळ दाखवू शकलं नव्हतं, आणि ते बिघडलेलंही नव्हतं.

ते मी पुढे केलेलं असायचं. सैन्यातली सवय! कर्नलसाहेब म्हणाले, गाडी आठला निघेल, की मेजरसाहेब सांगणार पावणेआठ, सुभेदार साडेसात, आणि माझ्यासारखा हवालदार जवानांना सव्वासात. जवान बिचारा सातपासून आपल्या वळकटीवर बसून. सतरा वर्षं मी आधी वळकटीवर बसलो, मग लोकांना बसवलं. निवृत्त होऊन बडोद्याला आलो आणि पहिल्याच दिवशी घरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. घरात आई, बायको मेधा आणि मुलगी मुक्ता. (तिघींची वळकटी करणं मात्र जमलं नाही.)

तीन वर्षांपूर्वी मी बी.कॉम.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी मकरपुऱ्याच्या कारखान्यात गेटवर सुपरवायझर, संध्याकाळी मुक्ताचं गणित आणि आईच्या डोळ्यांचे थेंब. रोजची यादी फ्रिजवर. यादीत ‘झोप’ शेवटच्या नंबरावर असायची आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या दिवशीच्या यादीत ढकलली जायची. वर्गातली पोरं मला ‘काका’ म्हणत. एकदा तर नवे प्राध्यापक आत आले आणि मला नमस्कार करून परत गेले!

संख्याशास्त्रात मी दोनदा नापास झालो होतो. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. त्यातून मुक्ता यंदा बारावी झालेली.

“पप्पा, एक सांगून ठेवते,” ती म्हणाली. “मी कॉलेजला येईन तेव्हाही तुम्ही तिथेच असलात, तर मी ओळख दाखवणार नाही.”

पेपर शनिवारी अकराला. शुक्रवारी चहाच्या वेळी मी घरात हुकूम जाहीर केला. “उद्यापुरतं घड्याळ आणखी पंधरा मिनिटं पुढे. एकूण अर्धा तास. कोणी हात लावायचा नाही!”

“बरं,” तिघीही म्हणाल्या. तिघीही एकाच वेळी एवढ्या गुणी झाल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी मोबाईल बंद करून कपाटात टाकला (यादी, नंबर सात: वर्गातल्या पोरांचे मेसेज टाळणे) आणि अभ्यासाला बसलो. तिथेच, पुस्तकावर डोकं ठेवून, झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा घड्याळात साडेपाच. बाहेर लख्ख उजाडलेलं. मी म्हटलं, एप्रिल आहे, बडोद्याचा सूर्यही शिस्तीचा झालेला दिसतो! मनगटावरचं घड्याळ भलतंच काही दाखवत होतं; हुकमाप्रमाणे ते भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून घेतलं. पावणेदहाला, म्हणजे माझ्या हिशेबाने खऱ्या सव्वानऊला, स्कूटर काढली. मेधा दारात उभी राहून हसली. इतक्या प्रेमाने, की मी पुन्हा एकदा हॉल तिकीट तपासलं.

कॉलेजच्या फाटकात दहा वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो. चिटपाखरू नव्हतं. आजच्या पिढीची मला खरंच कीव आली. लिंबाखाली बसलो, थर्मासातला चहा ओतला, यादीतल्या ‘वेळेआधी पोहोचणे’ या ओळीवर झोकदार खूण केली आणि सरासरीची सूत्रं वाचू लागलो. सावली, चहा, शांतता! तीन वर्षांत असा निवांतपणा मिळाला नव्हता. वीस मिनिटांनी वॉचमन जवळ आला.

“काका, अंदर नथी जवुं?”

“अजून वेळ आहे भाई. अकराचा पेपर.”

“अरे, सवा अगियार तो क्यारना वागी गया! बधा लखे छे!”

सव्वाअकरा कधीच वाजून गेले, सगळे लिहितायत म्हणे! मी त्याला माझं घड्याळ दाखवलं. त्याने मला त्याचा मोबाईल दाखवला. अकरा पंचवीस. साडेअकरानंतर वर्गात कुणालाही सोडत नाहीत.

तीन मजले! सैन्यात मी पाठीवर पंधरा किलो घेऊन डोंगर चढलोय, पण तेव्हा पोटात तीन कप चहा नव्हता. दारात पोहोचलो तेव्हा अकरा अठ्ठावीस.

पर्यवेक्षक मॅडमनी वर पाहिलं. “आ उंमरे पण मोडा?”

या वयातही उशीर, म्हणे! मी हॉल तिकीट पुढे केलं. धाप लागली होती. त्यांनी आधी पाण्याची बाटली दिली, मग पेपर.

दुपारी घरी चौकशी समिती बसवली. “घड्याळाला हात कोणी लावला?”

आई म्हणाली, “मी. अर्धा तास मागे केलं. किती दमतोस रे! म्हटलं, तेवढाच झोपेल.” (पाटावर पाट ठेवून चढली होती. वय चौऱ्याहत्तर!)

मेधा दचकली. “अहो आई, मीही केलं ना! अर्धा तास!”

मुक्ता हळूच म्हणाली, “मीपण.”

अर्धा तास पुढे असलेलं घड्याळ तीन प्रेमळ बायकांनी मिळून एक तास मागे नेलं होतं.

“पण मी निघालो तेव्हा खरे पावणेअकरा वाजले होते! तुला दिसलं नाही?” मी मेधाला विचारलं.

“दिसलं ना. मला वाटलं, चला, माणूस एकदाचा सुधारला.”

“म्हणजे या घरात घड्याळ बघतच नाही कोणी?”

“ते घड्याळ?” मुक्ता म्हणाली. “पप्पा, सहा वर्षं आम्ही मोबाईलच बघतोय. आजी मंदिराच्या घंटेवर चालते. ते फक्त तुम्ही बघता.”

निकाल लागला. पास झालो, किती गुणांनी ते मी कुणाला सांगत नाही आणि मुक्ता सगळ्यांना सांगते. घड्याळ मी त्याच दिवशी खऱ्या वेळेवर लावलं आणि त्याची काळजी घेणं सोडून दिलं.

काल मेधाने विचारलं, “अहो, याचा सेल संपलाय, बघितलंत का?” चार दिवस झाले, त्यात सकाळचे सहाच वाजलेत. आणि ते चारही दिवस मी रोज सकाळी घड्याळाकडे बघून खूश होत होतो, की आज आपण वेळेच्या किती आधी आहोत!