फतह नेमकी कोणाची

बुरहान खतिबाचं डोकं मुळात चांगलं साफ होतं, ते भिरभिरलं सुलतानांमुळे. आमचं गाव लाहोरच्या खाली, रावीच्या काठाला. लाहोर ज्याच्या हातात, त्याच्या नावानं आमच्या मशिदीत शुक्रवारचा खुतबा, नमाजाआधीचं प्रवचन. कधी गझनीवाला, कधी उच्छचा कुबाचा, मग दिल्लीचा शमसुद्दीन, की फिरून कुबाचा. मी अजान देणारा, मला फक्त अल्लाहचं नाव घ्यायचं असतं. खतिबाला मात्र मिंबराच्या चौथऱ्यावर उभं राहून सुलतानाचं नाव घ्यावं लागतं, त्याच्या फतहची, विजयाची दुआ मागावी लागते. नाव चुकलं तर ती बंडखोरी, आणि तिची शिक्षा काय ते गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"शुऐब, आज कोण रे?" मिंबर चढण्याआधी तो माझ्या कानाशी लागायचा.

"दिल्लीवाला."

"मागच्या जुम्म्याला तर उच्छवाला होता!"

"गेला तो. चढा आता, लोक बघतायत."

मला हसू यायचं. खतिबाचा एकुलता एक मुलगा यूनुस कुबाचाच्या घोडदळात भरती होऊन उच्छला गेला, तेव्हा ते हसू बंद झालं.

कारण पुढं लाहोर पुन्हा दिल्लीकडे गेलं, आणि या खेपेला दिल्लीवाला मुक्कामालाच आला. चौकीवर त्याचा तुर्क सरदार, बाजारात त्याचं नाणं, काझीसुद्धा दिल्लीहून आलेला. सरदार दर शुक्रवारी पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, मिंबराकडे बघत बसायचा. त्यातच बातमी आली की दिल्लीची फौज उच्छवर निघाली.

त्या दिवशी खतिबाच्या घरी शलगमचं कालवण होतं. त्यानं ताटाला हात लावला नाही.

"दिल्लीची फतह मागायची म्हणजे माझ्या पोराची हार मागायची," तो म्हणाला. "आणि तू वर आमीन म्हणणार!"

"मग काय गप्प बसू? सरदार बहिरा नाहीये."

"हळू तरी म्हण."

"खतीबजी, माझं हळू नदीपलीकडे ऐकू जातं."

तो हसला नाही. त्यानं आपली वेगळीच वाट काढली. शमसुद्दीनचं नाव खणखणीत घ्यायचा, पण फतहच्या दुआपाशी आला की खोकायचा, आणि खोकल्याआड पुटपुटायचा ते नाव कुबाचाचं. मी मिंबराच्या पायरीशीच बसत असल्यानं मला स्वच्छ ऐकू यायचं. त्याच्याबरोबर माझीही मान जाणार होती, म्हणून मी एवढ्या जोरात आमीन ठोकायचो की पुढचे लोक दचकायचे. संताप यायचा त्याचा. पण यूनुसला मीही खांद्यावर खेळवला होता, तेव्हा तोंड उघडवत नव्हतं. अख्खा हिवाळा असाच गेला.

उन्हाळ्यात उच्छ पडलं. कुबाचा सिंधूत बुडाला म्हणे. खतिबानं अन्न सोडलं; मी रोज कालवण घेऊन त्याच्यापुढं बसायचो.

आणि एके दुपारी यूनुस दारात उभा राहिला. जिवंत. डोक्याला दिल्लीच्या फौजेचा फेटा, उजवी बाही रिकामी.

बापानं त्याला मिठी मारली आणि पोरासारखा रडला. मग फेट्याकडे लक्ष गेलं. "हे काय?"

"दिल्लीचा चाकर आहे अब्बा मी. आमचा सरदारच तिकडे गेला, सगळं पथक घेऊन. आम्ही काय, ज्याची रोटी त्याच्या मागं."

"कधी?"

"हिवाळा लागायच्या आधीच. वेढ्यात मी खाली होतो, उच्छच्या तटावरून धोंडा आला. हात गेला, जीव राहिला."

खतिबानं माझ्याकडे बघितलं. मी कालवणाकडे बघत राहिलो.

"कुठल्या वारी?" त्यानं विचारलं.

"काय कुठल्या वारी?"

"हात. कुठल्या वारी गेला? जुम्मा होता का? दुपारची वेळ?"

"लढाईत वार कोण ध्यानात ठेवतं, अब्बा!" यूनुसनं मला विचारलं, "चाचा, यांना झालंय तरी काय?"

"काही नाही रे. म्हातारे झालेत."

जेवताना त्यानं पुन्हा तेच विचारलं. हात धुताना पुन्हा. शेवटी मला राहवलं नाही, "मंगळवार असेल, खतीबजी!"

"तू होतास का तिथं?" तो माझ्यावर खेकसला. मला त्याची कीव आली आणि स्वतःचीही, कारण कुबाचाच्या फतहच्या त्या प्रत्येक दुआवर आमीन माझंच होतं.

पुढच्या शुक्रवारी यूनुस सरदाराच्या शेजारीच बसला. खतीब मिंबर चढला, शमसुद्दीनचं नाव घेतलं, दुआसाठी हात उचलले आणि थांबला. खोकला नाही, पुटपुटला नाही, नुसता उभा. सरदाराची मान वर झाली. मी खुणा करून थकलो. खतीब सुलतान विसरला, सरदार विसरला, आणि उचललेले हात तसेच ठेवून भर मशिदीत त्यानं पोराला विचारलं,

"यूनुस, तू अजून दिल्लीकडेच आहेस ना?"

"हो, अब्बा."

"आजही?"