आवराताई आणि बिनकामाची पॅकेजं

ऑफिसातल्या पोरांनी तिचं नाव 'आवराताई' ठेवलं ते चेष्टेनं, पण ते तिला चपखल बसलं. कुणी नवीन काही जोडायला निघालं की ती खुर्ची वळवून म्हणायची, आधी आहे ते आवरा. तिचं काम कुणाला समजावून सांगायला जावं तर ऐकणारा जांभई देतो. मी तरीही सांगणार आहे.

तिच्या कंपनीनं डोळ्यांच्या एका हॉस्पिटलसाठी पेज बनवलं होतं, जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत. तपासणीची वेळ घ्यायची असेल तर ती या पेजवरून. असलं पेज कुणी सगळंच्या सगळं आपल्या हातानं लिहीत नाही. तारखा दाखवायला एक तयार पॅकेज, तक्ता काढायला दुसरं, अशी लोकांनी लिहून ठेवलेली आयती पॅकेजं आणून जोडतात. आणतात हौसेनं, काम संपल्यावर काढून टाकायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. शिवाय प्रत्येक पॅकेज येताना आपलं गणगोत, म्हणजे त्याला लागणारी आणखी पॅकेजं, बरोबर घेऊन येतं. साठत साठत ते पेज इतकं जड झालं होतं की जुन्या फोनवर उघडेपर्यंत माणसाचा धीर सुटायचा.

आता जुने फोन असतात कुणाकडे? म्हाताऱ्यांकडे. आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलात जास्त जातं कोण? तेच. मीटिंगमध्ये हे कुणाला सुचलं नाही, कारण तिथे सगळ्यांचे फोन नवेकोरे. आवराताईला सुचलं, कारण तिच्या घरात सासरे होते.

सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली. गावभरची माणसं त्यांनी इकडून तिकडे पोचवली आणि आता डोळ्यांचा पडदा बिघडल्यावर त्यांनाच कुणीतरी पोचवावं लागत होतं. दर तपासणीला आवराताई वेळ घ्यायची, रजा टाकायची, हात धरून त्यांना त्याच हॉस्पिटलात न्यायची. ते कधी कुरकुरले नाहीत, पण वाटेत एक शब्दही बोलायचे नाहीत. आपली वेळ आपण घ्यावी म्हणून फोन नाकाशी धरून ते पेज उघडायची वाट बघत बसायचे आणि शेवटी फोन उपडा ठेवून द्यायचे. एकदा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "एवढं एक जरी माझं मला जमलं असतं ना, तरी बरं वाटलं असतं."

हे तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांकडून पेज हलकं करायचं काम मागून घेतलं. असलं काम मागून घेणारं माणूस साहेबांनी तोवर पाहिलं नव्हतं.

न वापरलेली पॅकेजं हुडकणारं एक साधन असतं. ते सगळा कोड चाळतं आणि ज्याचं नाव कुठेच घेतलेलं नाही अशी पॅकेजं काढून दाखवतं. बहुतेक लोक ती एका फटक्यात उडवतात आणि चहाला जातात. आवराताईची रीत वेगळी होती. एका वेळी एकच काढायचं. ते आणलं कुणी याचा छडा लावायचा आणि त्याला विचारायचं, मग तो नोकरी सोडून गेलेला का असेना. फोनवर तिचा प्रश्न ठरलेला असायचा, हे कशासाठी आणलं होतंस? पॅकेज काढलं की दिवसभर ती पेज वापरून बघायची, कधी पेशंट होऊन, कधी काउंटरवरची बाई होऊन. काही बिघडलं नाही तरच पुढच्याला हात. पोरं म्हणायची, ताई खडे निवडतायत. म्हणोत बापडी. या रीतीनं तिच्या हातून कधी काही मोडलं नाही, आणि धडाधड मोडून मग धावपळ करणाऱ्यांपेक्षा मला तरी तीच हुशार वाटते.

पेज हलकं होत गेलं. रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या फोनवर ते उघडून बघायचं आणि स्वयंपाकाला लागायचं, असा तिचा क्रम होता. एके दिवशी ते चटकन उघडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि कधी नव्हे ती थोडी हवा तिच्याही डोक्यात गेली. साधनानं दाखवलेली उरलेली पॅकेजं तिनं कुणालाही न विचारता एकदम काढली.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी पेज उघडलं आणि कोपऱ्यातलं एक बटण ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, अक्षरं मोठी होत नाहीत."

ते बटण ऑफिसात कुणीच दाबत नसे. आवराताईनंही दाबलं नव्हतं, तिला स्वच्छ दिसत होतं. सासरे मात्र पेज उघडायला लागल्यापासून रोज ते दाबूनच वाचत होते. अक्षरं मोठी करणाऱ्या त्या पॅकेजचं नाव कोडमध्ये सलग लिहिलेलं नव्हतं, बटण दाबल्यावर तुकडे जोडून ते तयार व्हायचं. साधनाला ते दिसणार कुठून? आणणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं.

तिनं सारवासारव केली नाही. "चुकलं माझं, बाबा. मी विचारायला हवं होतं," म्हणाली आणि लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे ते पॅकेज परत बसवलं. गॅसवरचं करपलं. दुसऱ्या दिवशी आपली चूक तिनं आपणहून सगळ्यांना सांगितली आणि दर बदलानंतर ते बटण आपोआप दाबून बघणारी चाचणीही लिहिली. यासाठी मला ती जास्त आवडते.

पुढची तपासणी जवळ आली तसं तिनं रजा लागेल म्हणून साहेबांना सांगून ठेवलं आणि कोणता दिवस सोयीचा, हे घरी येऊन सासऱ्यांना विचारलं. ते चहा पीत होते.

"झाली तपासणी," ते म्हणाले. "आज सकाळीच. वेळ घेतली, बस धरली, जाऊन आलो."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू रजा टाकली असतीस. मग मी गेलो असं झालंच नसतं. तू नेलंस, असं झालं असतं."

आवराताईला खूप आनंद झाला आणि त्याच वेळी आत कुठेतरी दुखलंही. ती त्यांच्यासमोर बसली आणि तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदाच विचारावं लागत होतं.