फाईलमधली एक ओळ

"मेंढ्यांना टोचतात तसं टोचलंस की काय?"

सोनोग्राफीच्या टेबलावर मी पाय फाकवून पडलेली आणि डॉक्टरीणबाई मशीनकडं बघत हे बोलल्या. सिस्टर हसली. दाराशी शिकाऊ पोरी उभ्या होत्या, त्याही हसल्या.

दहा दिवस रोज संध्याकाळी सातला मी स्वतःच्या पोटात इंजेक्शन घेतलं होतं. मूल राहावं, त्यासाठी अंगातली बीजं वाढावीत म्हणून. इतर बायकांची आठ-दहा वाढतात. माझी दोनच वाढली होती.

माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. वडलांबरोबर मी लहानपणापासून मेंढरांना लस टोचलीय. लस बर्फात ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. हौसेनं मीच सिस्टरला हे सांगितलं होतं. तेच बाईंनी माझ्या तोंडावर मारलं.

कुंभारी गावातल्या आमच्या घरात फ्रीज नाही. इंजेक्शनं शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या फ्रीजमध्ये असायची. ते सांगायला तोंड उघडलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात फ्रीज नाही ना? मग संपलं." आणि फाईलमध्ये इंग्रजीत एक ओळ लिहिली. औषध घरी खराब झालं, असं बाहेर माझ्या नवऱ्याला सांगितलं.

त्या दोन बीजांतून काही धरलं नाही. नवरा बोलेना. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, हिनंच नासवलं. आणि मला ते पटलं होतं. याचाच आज सगळ्यात जास्त संताप येतो. शाळेचे गणवेश शिवता शिवता मशीन थांबवून मी माझ्याच हाताकडं बघत बसायची.

दुसऱ्या खेपेला हुकूम झाला, इंजेक्शनं दवाखान्यातच घ्यायची. डोस वाढवला. फ्रीज त्यांचा, हात त्या सिस्टरचा. रोज रिक्षानं सोलापूर गाठायची. दहाव्या दिवशी पुन्हा तेच टेबल.

दोनच.

बाईंनी फाईल उलटली. मग म्हणाल्या, औषधाला तुझं शरीर साथच देत नाही. पहिल्या खेपेच्या रक्ताच्या रिपोर्टात पहिल्या दिवशीच दिसलं होतं, बीजं कमी आहेत. आता दुसऱ्या बाईचं बीज घेऊ, नवऱ्याला सहीला बोलाव.

पहिल्या दिवशीच दिसलं होतं!

मी उठून बसले. चादर कमरेला गुंडाळली.

"ह्या खेपेला कुणी टोचलं, मॅडम?"

 सिस्टर ट्रे आवरायला लागली.

साडी सावरून बाहेर बसलेल्या नवऱ्याला आणि सासूबाईंना मीच आत बोलावलं. फाईलमध्ये माझ्यावर काय लिहिलंय, ते मराठीत वाचून दाखवा म्हटलं.

"ती जुनी गोष्ट झाली," बाई म्हणाल्या.

"तुमाला जुनी. मला रोजची हाय."

शेवटी त्यांनी वाचलं. रुग्णाने औषध नीट ठेवले नाही, नीट घेतले नाही. ती ओळ खोडा आणि शेजारी सही करा, असं मी म्हणाले. लिहिलेलं खोडता येत नाही म्हणाल्या. सासूबाईंनी माझं कोपर ओढलं. "जाऊ दे की. डाक्टरास्नी दुखवू ने." नवरा खाली मान घालून दुसऱ्या बाईच्या बीजाच्या कागदावर सहीसाठी पेनाचं टोपण काढत होता. मी त्याच्या हातातनं पेन काढून घेतलं आणि चपला घातल्या.

मूल मला हवंय. आजही, लई हवंय. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं का नाही, ते मी ठरवीन. पण ती ओळ खोडली जात नाही तोवर मी एकाही कागदावर सही करणार नाही, आणि माझ्या अंगासाठी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.