बाबांच्या होडीचा फिल्टर

बाबा गेले, आणि आमची गाडी सुरू होईना.

आज वर्ष झालं.

मी आणि नितीनदादा स्पितीतल्या अगदी टोकाच्या गावात होतो, दादाची डिझेल फोर-बाय-फोर घेऊन. सकाळी घरून, सारसोळ्याहून, काकांचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

"उद्या दुपारपरत थांबतो," काका म्हणाले. "आता लगेच निंगा."

जमण्यासारखं होतं. दिवसरात्र गाडी हाणायची, चंदीगड गाठायचं, सकाळचं विमान, घर.

दादाने चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं.

गाडीला जास्तीचा फिल्टर बसवायचा हट्ट बाबांचाच. "तिकरं ड्रममधला डिझेल भेटतं, त्यान पानी असनारच." होडी विकली तरी तिचा फिल्टर त्यांनी ठेवला होता. खाली काचेची वाटी, वाटीला छोटा नळ. डिझेलमधलं पाणी त्या वाटीत बसतं.

कामोठ्याचा गॅरेजवाला म्हणाला, "काका, नवीन चांगला मिळतो की."

"तुला पायजे तं तुज्या गारीला लाव."

झालं. बसला तोच फिल्टर. आणि वर बाबांचा नियम, "रातभर पानी खाली बसू दे. सकाली नल सोर, पानी जाव दे, मंगच गारी चालू कर."

खाडीत त्यांनी जन्मभर तेच केलं. आम्हीही रोज इमानेइतबारे तेच करत आलो.

त्या सकाळी घाईत आधी चावीच फिरवली; बॉनेट उघडलं, तर वाटी पांढरी पडली होती. मधोमध तडा.

आम्ही कोळी. बर्फाशिवाय आमचा धंदा नाही. पण आमच्याकडे बर्फ फॅक्टरीतून टेम्पोने येतो, वर गोणपाट टाकून. पाणी रात्रीत आपलं आपण गोठतं, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिथे नळ झोपण्याआधीच सोडायला हवा होता.

आम्ही जिच्याकडे उतरलो होतो, त्या घरमालकिणीने गरम पाणी आणलं. ओतलं, तर वाटीच फुटली.

दादाने फिल्टर काढून टाकला. पण तो बसवताना मूळ पाइप कापलेला. आता दोन टोकं एकमेकांना पोचेनात. गावातली दुसरी एकुलती एक गाडी आदल्या दिवशीच खाली गेलेली.

चारी बाजूंना मोकळं आभाळ. तरी कुणीतरी बाहेरून दार लावून घेतलंय असं वाटत होतं.

कुणीतरी पाण्याच्या पंपाच्या पाइपचा तुकडा कापून दिला. तो नीट बसेपर्यंत दुपार टळली. विमान हातचं गेलंच.

पुन्हा काका. "कुठवर आलाव?"

दादा थोरला. त्याच्या शब्दाशिवाय तिकडे चुलतभाऊ अग्नी देणार नव्हता. दादाने फोन कानाला लावला, बॉनेटकडे बघत राहिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबांनीच सांगितलेलं ना गं, सकाळी नळ सोडा म्हणून?"

मी फोन घेतला. "काका, नका थांबू."

"नितीन काय बोलतंय?"

"मी बोलतेय ना. मीपण त्यांचीच. द्या अग्नी."

मग काका म्हणाले, "बरा गो बाय माजे."

फोन ठेवला आणि मी त्या बाईच्या अंगणात बसून पोटभर रडले. दादा नाही रडला. अजूनही नाही.

आज वर्षश्राद्ध. सगळे आलेत. दादा खाली, आमच्या नेरूळच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, त्याच गाडीत बसलाय. काचा वर. फोन उचलत नाही, म्हणून इथे ही पोस्ट लिहितेय. मोबाइल तरी बघत असेलच.

दादा, बाबांचं काही चुकलं नव्हतं. तुझंही नाही.

वर ये. पान वाढलंय.

बाबा, तुमच्या दोन्ही पोरांचा नमस्कार.