गिअरबॉक्समधला आवाज

गिअर ऑइलचा वास आला की मला जव्हारमधले विठ्ठलचे अंगण आठवते. भंगारातली लष्करी जीप या माझ्या मित्राने दोन वर्षे खपून चालती केली होती. एकेकाळी लष्करात ड्रायव्हर असलेले त्याचे वडील दसऱ्याला ती सूर्यमाळपर्यंत चालवणार होते.

आदल्या दिवशी आम्ही तिघे फेरी मारून आलो. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो. मी म्हणालो, "गिअरबॉक्समध्ये आवाज येतोय."

कसलाच आवाज नव्हता. मला फक्त त्याचा आनंद सहन होत नव्हता.

वडील हळूच म्हणाले, "मला तं नाय आला. पन गुरुजी बोलतात तं असंल."

विठ्ठलने लगेच गिअरबॉक्स उतरवला.

दसऱ्याला विठ्ठलचे वडील हार घातलेल्या, जागच्या जागी उभ्या जीपमध्ये स्टिअरिंग धरून बसले होते. मला पाहताच त्यांनी शेजारच्या सीटवरची धूळ झटकली.

"बसा, गुरुजी."

मी बसलो.