बाबांची मनातल्या मनातली प्रार्थना

आजही ती रविवारची संध्याकाळ सांगायला घेतली की माझे शब्द एकमेकांवर धडकतात.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. डिंडोलीत, कापड कामगारांच्या वस्तीत, आमची एक खोली होती. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मीच. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. वीस वर्षं त्या खडखडाटात राहून त्यांचे कान गेले होते. आम्ही घरातही ओठ हलवून, हातवारे करून बोलायचो. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

माग बिघडला की आधी आवाज बदलतो. बाबांना तो बदल कळत नाही, हे तिथेच काम करणाऱ्या आमच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने शेठला सांगितलं. बाबांचं काम गेलं, त्यांचे माग त्यालाच मिळाले. दुसरं काम मिळेना. दिवाळीपर्यंत नाही मिळालं तर माझं कॉलेज बंद, असं ठरलं होतं. त्या माणसाचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

आईच्या आजारपणापासून आम्ही येशूला मानू लागलो होतो. दर रविवारी आमच्याच खोलीत दहा-बारा जण प्रार्थनेला जमत. मी तिथेही पुटपुटायचे. मोठ्याने प्रार्थना करायची मला लाज वाटे.

त्या दिवशी पाळक म्हणाले, "ज्याने आपल्याला दुखावलं, त्याच्यासाठी मनातल्या मनात मागा."

सगळ्यांनी डोळे मिटले. माझ्या मनात काहीच येईना. आणि एकदम बाबांचा आवाज, आमच्या गावाकडच्या बोलीत!

"देवबाप, त्याले आते एकटाले बारा माग देखना पडतस. त्याना कान सांभाय. मन्हं व्हयनं तसं त्यानं नको."

आपण मनातच बोलतोय, असं त्यांना वाटत होतं. मी तोंडावर बोट ठेवून खुणावत होते, पण त्यांचे डोळे मिटलेले! शेवटी आईने कोपर मारलं आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, "अहो, देव काही लूमवर नव्हता. त्याला ऐकू येतं!"

सगळे हसले. मला मात्र हसता हसता रडू आलं. मी ज्याचं वाईट चिंतत होते, त्याचे कान शाबूत राहोत म्हणून बाबा मागत होते.

तेवढ्यात दार वाजलं. तोच शेजारी. भिंतीपलीकडून त्याने सगळं ऐकलं होतं. मान खाली.

"काका," तो म्हणाला, मग आठवून बाबांच्या कानाशी ओरडला, "काका, बॉबिनवर सूत भरायला माणूस पाहिजे! त्या कामाला कान लागत नाहीत! शेठला मी सांगतो, सकाळी चला माझ्यासोबत!"

"एवढा का ओरडतो?" बाबा म्हणाले. "बस. चहा पी."

पगार कमी होता, पण कॉलेज सुटलं नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थना करायची माझी वेळ आली. डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडून प्रार्थना केली, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आधी त्या शेजाऱ्याच्या कानांसाठी.