बिब्ब्याची सॅक

ज्यांच्या अंगावर बिब्बा उतत नाही अशी माणसं थोडी असतात, त्यांतला मी एक. साताऱ्याकडच्या आमच्या गावात डोंगरातून बिब्बे आणायचे, वरचं पिवळं बोंड भाजून खायचं आणि खालची काळी बी आईच्या डब्यात टाकायची, हे मी नुसत्या हातांनी करत आलो. त्या बीतलं तेल लागलं की इतरांच्या अंगावर फोड येतात हे मला ठाऊक होतं, पण ऐकून. त्यामुळे बिब्ब्यातलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता.

बेलापूरच्या कचेरीत होतो तोवर दर रविवारी डोंगरावर मी एकटाच जायचो. बायको म्हणायची, "तुमचा डोंगर तुमालाच लखलाभ." यंदाच्या हिवाळ्यात, मी निवृत्त झाल्यावर, तीच म्हणाली, "येते मी पण." मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी सीवूड्सच्या मॉलमधून तिच्यासाठी निळी सॅक आणली.

पहिल्याच रविवारी वाटेत बिब्ब्याचं झाड लागलं, फळांनी लगडलेलं. आता बायकोसमोर शहाणपण दाखवायचं नाही तर कुठे दाखवायचं? मूठभर फळं तोडली आणि तिच्या सॅकच्या बाजूच्या खिशात टाकली. वर पाण्याची बाटली कोंबली. उतरेपर्यंत खाली बिया चेचल्या जाऊन तेल पट्ट्यापर्यंत झिरपलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिची मान आणि मनगट फोडांनी भरलं. डॉक्टरांनी मलम दिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमी जात जा. मला नाय जमायचं." ते मला फार लागलं.

मग मी सॅकच्या मागे लागलो. अंगावर बिब्बा उतला की आमच्याकडे खोबरेल लावतात, म्हणून पट्ट्यांनाही चोळून खोबरेल लावलं, फडक्याने पुसलं आणि सॅक बाल्कनीत टांगली. तिने ती उचलून आत आणली आणि बोटांनाही फोड आले. तेलात तेल मिसळून मीच ते सगळीकडे पसरवलं होतं. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणारे पुष्कळ पाहिले होते, स्वतःच्याच घरात घालणारा मी पहिला.

दुसऱ्या खेपेला रबरी हातमोजे घातले. भांड्यांचा साबण, थंड पाणी, जुना ब्रश. पट्टे, चेन, बकल, शिवणीच्या कडा, सगळं तीनदा घासलं आणि दर वेळी पाणी बदललं. ब्रश, फडकं, मोजे पिशवीत बांधून टाकून दिले. काळा डाग राहिला. तो जाणारच नाही. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा याच तेलाने करायचे.

मग सॅकचा एक पट्टा सोडवून माझ्या मनगटाला गुंडाळून दोन दिवस ऐटीत फिरलो. "बघ, काही झालं नाही."

"तुमाला कधी काय झालंय?" ती म्हणाली.

माझी सगळी हुशारी तिथेच संपली. माझं कातडं याबाबतीत बिनकामाचं होतं. खरं काय ते तिच्याच हाताला कळणार होतं, आणि 'तू लावून बघ' असं मी तिला सांगू शकत नव्हतो. तिनेच बाही वर सरकवली. "द्या इकडे."

"नको," मी म्हणालो. आयुष्यात बिब्ब्याला पहिल्यांदा घाबरलो.

तिने पट्टा कोपराच्या आतल्या बाजूला घट्ट दाबून धरला. पुढचे दोन दिवस मी चहा घेताना, पेपर वाचताना, भाजी निवडताना तिचा हातच बघत होतो. खाजतंय का, असं इतक्यांदा विचारलं की ती वैतागली. शुक्रवारी सकाळी तिने हात माझ्या नाकासमोर धरला. कातडी स्वच्छ होती.

रविवारी डागाची सॅक पाठीला लावून ती माझ्याआधी दारात उभी. त्याच झाडाखाली थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "खिसे दाखवा."

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, तेव्हा कुठे तिने मला पाणी दिलं.